पांढरीखालची माणसं

वऱ्हाडात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. जुन्या कागदांत ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्दच सापडतो. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. लहानपणी मला हा नुसता रंगांचा फरक वाटायचा. पांढरी ही माणसांनी तयार केलेली माती असते, हे फार उशिरा कळलं. चुलीची राख, गोठ्यातलं शेण, पावसाळ्यात बसलेल्या मातीच्या भिंती, चुना, भुसा, फुटकी मडकी, खाऊन टाकलेली हाडं, हे सगळं एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या साचत जातं. जुनं घर पडलं की त्याच ढिगावर नवं उभं राहतं. हजार वर्षांत त्याचं टेकाड होतं आणि माती भुरकट पांढरी पडते. अशा बऱ्याच टेकाडांवर पुढे देशमुखांनी, पाटलांनी गढ्या बांधल्या, म्हणून आपल्याकडे त्या टेकाडालाच गढी म्हणायची सवय लागली.

ही माती सकस असते. म्हणून शेतकरी उन्हाळ्यात बैलगाडीनं ती शेतात नेत, धाब्याच्या घरावरही तीच पसरत. आमच्या गावात गढीच्या पोटात कुदळ घालणाऱ्या पोरांना म्हातारे दटावायचे, “काहून खोदून रायले बाप्पा? थे जुन्या मानसाईची जागा आहे.” ते भुताखेतांच्या भीतीनं बोलत असतील, पण बोलत होते ते अक्षरशः खरं होतं. कित्येक पांढऱ्यांखाली माणसं आहेत.

ती कशी सापडतात, सापडल्यावर त्यांच्याकडून नेमकं काय समजतं आणि काय समजत नाही, हे इथे पायरीपायरीनं सांगायचं आहे. त्यासाठी वऱ्हाडातून थोडं पश्चिमेला जावं लागेल. महाराष्ट्रात प्रागैतिहासिक माणसाच्या अवशेषांसाठी जगभर नाव झालेलं एक लहान गाव आहे, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी तिथे पाच टेकाडं आहेत. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. १३० हून अधिक घरं उघडी झाली आणि अडीचशेच्या आसपास दफनं मिळाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं ती वस्ती नांदली. ही शेती करणारी माणसं होती, जव हे त्यांचं मुख्य धान्य. तांबं त्यांना माहीत होतं, लोखंड नव्हतं. म्हणून या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात.

हा धागा वऱ्हाडापर्यंत येतो. अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढी इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. पी. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये उत्खनन केलं. इनामगावातल्या लोकांची जी संस्कृती, माळवा आणि जोर्वे या नावांनी ओळखली जाणारी, तिचीच खापरं तिथे मिळाली. त्याच तालुक्यात, पूर्णेच्या वळणातल्या फुपगावात सर्वेक्षणाच्या नागपूरच्या शाखेनं डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ मध्ये खोदकाम केलं. ती वस्ती नंतरची, लोखंड वापरणाऱ्यांची, इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकातली. वर्धेकाठच्या कौंडिण्यपुरात मोरेश्वर दीक्षितांनी साठच्या दशकातच उत्खनन केलं होतं. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ज्या गावी यात्रेला जातो, त्याच्या पोटात अशी जुनी वस्ती आहे. म्हणजे इनामगावची गोष्ट आपल्याला परकी नाही. मात्र माणसांच्या हाडांचा एवढा मोठा आणि नीट अभ्यासलेला साठा इनामगावचाच, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्या आधारे सांगतो.

पहिला प्रश्न हा, की हाडं टिकतात कशी? मेलेलं शरीर उघड्यावर राहिलं तर कोल्ही-कुत्री, ऊन-पाऊस आणि मुंग्या काही वर्षांत ते संपवतात. शेजारी, सातपुड्यापलीकडे, नर्मदेकाठच्या हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिम मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. तो नदीच्या घट्ट झालेल्या खडीत अडकला होता, बाकीचा सांगाडा नव्हता. त्या माणसाला कुणी पुरलं नव्हतं, नदीनं जे राखलं तेवढंच उरलं. पुरलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. मातीनं झाकलं की जनावरं लांब राहतात आणि हाडं जागच्या जागी, एकमेकांना जोडलेल्या क्रमानं राहतात. पुढचं मातीवर अवलंबून असतं. हाडात मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं आणि आम्लधर्मी मातीत ते विरघळतं, म्हणून कोकणच्या जांभ्यात जुनी हाडं क्वचितच हाती लागतात. आपली देशावरची आणि वऱ्हाडातली माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात हाड टिकतं. वर राख मिसळलेली पांढरी असेल तर अधिकच.

पण काळ्या मातीचा एक दोष लक्षात ठेवावा लागतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. वरचा मणी, खापर, दात त्या भेगेतून हातभर खाली जातो आणि पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटते. मग खोदणाऱ्याला तो खालच्या, जुन्या थरात सापडतो. म्हणून एकट्या सुट्या वस्तूवरून कधी काळ ठरवू नये. न हललेलं दफन जास्त विश्वासाचं असतं, कारण त्यात सगळं एकत्र आणि एकाच वेळी ठेवलेलं असतं.

आता दफन दिसतं कसं ते पाहू. उत्खनन म्हणजे खड्डा खणणं नव्हे. जागेवर दोऱ्यांनी चौकोन आखतात, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत न खोदता ठेवतात. त्या भिंतीच्या कापात थर वाचता येतात, जसे विहिरीच्या कडेला मुरूम, माती, खडक वेगळे दिसतात. एकेक थर खुरप्यानं खरवडत खाली जातात. चोपलेल्या, सारवलेल्या जमिनीचा थर लागला की घर सापडलं. त्या जमिनीत एखादा गोल वा लांबट डाग दिसतो, माती जरा सैल, रंग जरा वेगळा. वर पाणी शिंपडलं की कडा स्पष्ट होते, कारण भरलेली माती आणि न हललेली माती पाणी सारखं पीत नाहीत. हा डाग म्हणजे कुणीतरी जमीन फोडून खणलेला खड्डा. खड्डा जमिनीला छेदत असेल तर तो त्या जमिनीपेक्षा नंतरचा. त्यावरून सारवणाचा अखंड थर गेला असेल तर त्या थरापेक्षा आधीचा. एवढ्या साध्या तर्कावर पुरातत्त्वाची सारी कालगणना उभी आहे, आणि कुदळीचा एक घाव तो पुरावा कायमचा पुसतो.

इनामगावात असे डाग घराच्या आत किंवा अंगणातच मिळाले. खोल गेल्यावर त्यात दोन मातीचे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आणि आत लहान मूल. डोकं उत्तरेला. जवळ लहान वाडगी, तोटीचं रंगीत भांडं, बहुधा अन्नपाण्यासाठी ठेवलेलं. नेवाशाच्या उत्खननातही हीच रीत दिसली. तिथल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या भोकात धाग्याचे अवशेष टिकले होते, रेशीम आणि कापूस यांचे. धागा इतकी वर्षं टिकत नाही, पण तांब्याचे क्षार जंतूंना मारतात आणि मण्याला लागून असलेला तेवढा तंतू वाचतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या वाचकाला हा पुरावा मोलाचा वाटावा: तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सूत काढलं आणि ते आपल्या पोराच्या गळ्यात घातलं.

रांजण उचलणं नाजूक काम आहे. खुरपं बाजूला ठेवून बांबूच्या कामट्या, बारीक ब्रश, दातांच्या डॉक्टरची हत्यारं वापरतात. धातूनं ओल्या हाडावर ओरखडा पडतो आणि पुढे तोच जुना घाव म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. प्रत्येक हाड जागेवर असतानाच चित्र काढतात, फोटोत उत्तरदिशेचा बाण आणि मोजपट्टी ठेवतात. मग हाडं सावलीत हळूहळू सुकवतात. ऊन लागलं की तडकतात. पूर्वी ठिसूळ हाडांवर डिंकासारखं रसायन लावत. त्यानं हाड वाचलं, पण त्याच रसायनामुळे आज रासायनिक तपासण्यांत अडचण येते. म्हणून आता शक्य तिथे काही हाडं जाणूनबुजून तशीच ठेवतात.

सर्वांत कष्टाचा भाग मातीचा. रांजणातली सगळी माती बारीक चाळणीनं चाळावी लागते. प्रौढ माणसात २०६ हाडं असतात, पण तान्ह्या मुलात अजून न जुळलेले तुकडे मिळून तीनशेच्या आसपास. नवजात बाळाच्या मांडीचं हाड आपल्या मधल्या बोटाएवढं असतं. जबड्यात तयार होत असलेले दात तर तुरीच्या डाळीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे. घाईत माती फेकली तर मूल किती महिन्यांचं होतं हे सांगणारा एकमेव साक्षीदार ढिगाऱ्यात जातो.

वय कळतं ते याच दातांवरून. दात जबड्यात ठरावीक वेळापत्रकानं बनतात आणि उपाशी मुलाचं हाड खुरटलं तरी दात फारसे मागे पडत नाहीत. दुधाचा पहिला दात साधारण सहा-आठ महिन्यांनी बाहेर येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही येतात, सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते. जन्माच्या धक्क्याची एक रेघ दुधाच्या दातांच्या लुकणात, म्हणजे वरच्या कठीण आवरणात (इनॅमल), उमटते. रेघेच्या पुढे लुकण चढलेलं असेल तर बाळ जन्मानंतर काही दिवस तरी जगलं. ही रेघच दिसत नसेल तर ते बहुधा मेलेलंच जन्मलं किंवा लगेच गेलं. असं मूलही कुणीतरी रांजणात नीट ठेवून घरातच पुरलं होतं.

मोठ्या माणसाचं वय सांगणं त्याहून अवघड. एकदा वाढ थांबली की झीज तेवढी मोजता येते. जघनाच्या हाडांचे सांधे खडबडीतचे गुळगुळीत होतात, कवटीच्या शिवणी भरतात, दाढा झिजतात. दगडावर वाटलेल्या धान्यात कच येते, म्हणून जुन्या लोकांचे दात आपल्यापेक्षा लवकर सपाट होत. त्यामुळे अंदाज ‘पस्तीस ते पंचेचाळीस’ असा येतो. कुणी ‘अडतीस वर्षांचा पुरुष’ असं छातीठोक सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. स्त्री की पुरुष हे कटीच्या हाडावरून बऱ्यापैकी खात्रीनं कळतं. बाळंतपणासाठी स्त्रीची कटी रुंद असते, तिच्या मागच्या खाचेत अंगठा ठेवला तर हलवायला जागा उरते, पुरुषाच्या खाचेत बहुधा अडकतो. मुलांच्या हाडांत हा फरक अजून तयारच झालेला नसतो. म्हणून इनामगावच्या त्या रांजणांत मुलगे किती नि मुली किती हे नुसत्या हाडांवरून सांगता येत नाही. दाताच्या लुकणातल्या प्रथिनावरून ते ओळखण्याची पद्धत आता हाती आली आहे.

इनामगावातल्या मोठ्यांची दफनं वेगळी. ती सरळ खड्ड्यात, पाठीवर आडवी, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. हे वाचून माणूस दचकतो. पाय नंतर हरवले असतील, असंही वाटेल. पण पुरातत्त्वात अशी शंका मोजून फेडतात. पावलांची लहान हाडं एखाद्या सांगाड्यात हरवू शकतात, पण एकामागून एक दफनात, न हललेल्या खड्ड्यात, नेमकी घोट्याखालचीच नसतील तर तो योगायोग नव्हे, रीत आहे. इथपर्यंत पुरावा. मेलेल्यानं परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडले, हे पुढचं विधान अंदाज आहे, कितीही पटणारा असला तरी. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तो हटकून गळतो.

एका दफनानं मात्र ही रीत मोडली. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचं, कच्च्या मातीचं, पोटासारखं फुगलेलं मोठं मडकं मिळालं. आत सुमारे चाळिशीचा पुरुष मांडी घातल्यासारखा बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. जवळच धान्याचं कोठार. घराचा आकार, कोठाराशी जवळीक आणि वेगळं दफन, तिन्ही मिळून उत्खनन करणाऱ्यांनी तो गावाचा प्रमुख असावा असं मानलं. मला हा निष्कर्ष सबळ वाटतो, कारण तो तीन वेगळ्या खुणांवर उभा आहे. पण इथेच एक मोह होतो. आपल्याकडे आजही लिंगायत समाजात बसवून दफन करतात, आणि बहुतेक घरांत लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मग ही परंपरा इनामगावपासून चालत आली, असं म्हणून टाकावंसं वाटतं. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांची साखळी कडीकडीनं दाखवल्याशिवाय ते म्हणता येणार नाही. सारखेपणा दिसतो, वारसा सिद्ध होत नाही.

दुसरी एक चूक आकड्यांची. दफनांत बहुतेक मुलंच आहेत, म्हणून गावात बहुतेक मुलंच मरत होती असा हिशेब करू नये. बालमृत्यू खूप होते हे खरं, पण नऊशे वर्षं नांदलेल्या गावातली मोठी माणसं एवढी थोडी कशी? अनेकांना गावाबाहेर, कदाचित वेगळ्या रीतीनं, निरोप दिला असणार. आपल्या हाती येतो तो सगळा समाज नसतो, त्या समाजानं जवळ ठेवायचं ठरवलेली माणसं तेवढी असतात. नागपूरकडच्या शिळावर्तुळांतही, म्हणजे भोवती दगडांचं कडं रचलेल्या दफनांतही, असंच दिसतं. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली लोहयुगीन वर्तुळं मैलभर पसरलेली, पण आत हाडं थोडी आणि तुटक. जुनापाणीची वर्तुळं रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकातच खोदली होती. माहुरझरीला सत्तरच्या दशकात शां. भा. देव यांना काही वर्तुळांत माणसाबरोबर घोडेही पुरलेले मिळाले, तोंडावर तांब्याच्या अलंकारांसह. तिथे कुणाला पुरायचं हे प्रतिष्ठेवरून ठरत असावं.

आता सर्वांत मोलाच्या भागाकडे येतो, हाडांतून दुष्काळ कसा वाचतात त्याकडे. इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर, गाव गरीब झालं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, जव घटला, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली. पाऊसमान घटल्यानं शेती कोसळली असा ढवळीकरांचा निष्कर्ष होता. खरं असेल तर त्याची खूण मुलांच्या शरीरात दिसायला हवी. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी इथल्या सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास करून १९८६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे मोजले. पोटात असताना वा जन्मल्यावर लगेच बाळाला पोषण कमी पडलं तर सुळ्याचं लुकण तेवढ्या जागी नीट चढत नाही, खळगा राहतो, आणि दात पुन्हा दुरुस्त होत नाही. त्यांच्या मोजणीत असे खळगे आधीच्या, भरल्या गावाच्या मुलांत जास्त होते आणि शेवटच्या काळात कमी झाले. याउलट ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या मांडीच्या हाडांची लांबी आणि जाडी तपासली. हाडाची जाडी ते किती वजन पेलतं त्यावर ठरते, म्हणून जाडीवरून मुलाच्या वजनाचा अंदाज येतो. त्यांना शेवटच्या काळातली मुलं वयाच्या मानानं खुरटलेली, हडकुळी आढळली. त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं.

एकाच गावातली, एकाच काळातली मुलं, आणि दात एक सांगतात, हाडं दुसरं. मला यात विसंगतीपेक्षा शिकण्यासारखं जास्त दिसतं. सुळा जन्माच्या आगेमागे बनतो, तो मुख्यतः आईच्या प्रकृतीची नोंद ठेवतो. मांडीचं हाड पुढच्या वर्षा-दोन वर्षांची. दूध तुटल्यावर मुलाच्या वाट्याला काय आलं ते हाड सांगतं. मेळघाटात कुपोषणाचं काम करणाऱ्यांना हा भेद रोज दिसतो: जन्माचं वजन ठीक असलेलं बाळ वरचं अन्न सुरू झाल्यावर घसरतं. इनामगावात असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

अन्नाची आणखी एक खूण हाडात राहते. गहू, जव, तांदूळ ही पिकं आणि ज्वारी, बाजरी ही पिकं हवेतला कर्ब वेगळ्या मार्गानं घेतात. त्यामुळे त्यांच्यातलं कर्बाच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं, आणि खाणाऱ्याच्या हाडात ते उतरतं. भाकरीवर वाढलेलं शरीर आणि पोळीवर वाढलेलं शरीर प्रयोगशाळेत ओळखू येतं. दाताच्या लुकणातल्या स्ट्रॉन्शियमवरून माणूस लहानपणी कोणत्या खडकाच्या प्रदेशात वाढला ते कळतं, कारण ते पाण्यातून, धान्यातून येतं. मात्र अकोल्यापासून पुण्यापर्यंत सगळा एकच काळा कातळ. या पट्ट्यात वाढून इथेच मेलेला माणूस शंभर कोस चालून आला तरी ही तपासणी सहसा गप्प राहते. नागपूरच्या पूर्वेकडचा खडक वेगळा, तिकडून आलेला माणूस ओळखू येण्याची शक्यता अधिक.

काळ ठरवायला कर्ब-१४ वापरतात. सजीव मेल्यावर त्यातला हा किरणोत्सारी कर्ब दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, उरलेला मोजला की वय कळतं. पण हाडात तो प्रथिनात असतो आणि आपल्या उष्ण हवेत प्रथिन लवकर नासतं. म्हणून आपल्याकडे काळ बहुधा त्याच थरातल्या कोळशावरून किंवा जळक्या दाण्यांवरून ठरतो. माती जागची हलली तर ही सांगडही तुटते. जनुकांचं तर त्याहून कठीण. हरियाणातल्या राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून वाचण्याजोगं जनुकद्रव्य मिळालं. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साठांतून एक. आपल्या गढीतला एक रांजण कुणी फोडला तर कोणता गेला हे कळायला मार्ग नाही, कदाचित तोच एक असेल.

असे अवशेष जपले तर काय होतं, त्याचं एक उदाहरण. फ्रान्समध्ये तोताव्हेल नावाचं हजारापेक्षा कमी वस्तीचं खेडं आहे. द्राक्षमळ्यांचं गाव. १९७१ मध्ये तिथल्या अरागोच्या गुहेत सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वीच्या माणसाची कवटी सापडली. आज त्या खेड्यात तिचं स्वतःचं संग्रहालय आहे, मुलांच्या सहली येतात. आपले इनामगावचे अवशेष पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये जपलेले आहेत, चार पायांचं मडकंही तिथल्या संग्रहालयात पाहता येतं. अवश्य पाहा. पण चांदूर बाजारच्या शाळेतल्या मुलीला तुळजापूर गढी हे आपल्या तालुक्यातलं नाव इतिहासाच्या पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष टेकाडावर उभं राहून कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याला इमारत लागत नाही. टेकाड शाबूत लागतं, आणि समजावून सांगणारा एक शिक्षक.

टेकाडं मात्र जात आहेत. पूर्वी बैलगाडी वर्षाला चार खेपा नेई, आता जेसीबी एका दिवसात गढीचा कोपरा उचलतो. रस्त्याच्या भरावाला, वीटभट्टीला, शेत सपाट करायला. फुपगावच्या टेकाडाचा मोठा भाग तर नदीनंच खाल्ला आहे.

म्हणून ज्यांच्या गावात गढी वा पांढरी आहे, त्यांच्यासाठी हे शेवटचं. पाया खणताना, पाइपलाइनचा चर काढताना दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी दिसली, राखेच्या थरात हाड दिसलं, तर मजुरांना थांबवा. मडकं उचलू नका, आत हात घालू नका, सोनं शोधू नका. त्यात सोनं नसतं. जागचाच फोटो काढा, शेजारी एखादी पट्टी वा खुरपं ठेवा म्हणजे माप कळेल. वर ओलसर माती ओढून झाकून ठेवा. माणसाचं हाड असेल तर आधी पोलीस पाटलाला सांगा, ते जुनं की नवं हे ठरवणं आपलं काम नाही. मग तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत सापडलेल्या जुन्या मौल्यवान वस्तूंची खबर त्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानंही बंधनकारक आहे. आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला एक पत्र टाका. काम आठ दिवस थांबेल. ते थांबू द्या.